पाठ्यपुस्तकातला ओढा आणि गावातला नाला

मेहकरच्या एका रद्दीवाल्याकडून मी गेली काही वर्षे पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या विकत घेतो आहे. परीक्षा संपल्या की त्या पोत्यांनी येतात आणि किलोच्या भावाने जातात. माझ्याकडे आता दोन लोखंडी पेट्या भरल्या आहेत. सुरुवातीला यात संशोधन म्हणावे असे काही नव्हते. मुलांची हस्ताक्षरे आणि चित्रे पाहण्याची हौस होती, इतकेच. पुढे लक्षात आले की ‘आमच्या परिसरातील नदीचा अभ्यास’ अशा मथळ्याच्या बहुतेक वह्यांत वाक्येसुद्धा तीच आहेत. परिसंस्थेच्या चित्रात तेच कमळ, तेच बदक, तोच बेडूक. काही वह्या तर दुकानात मिळणाऱ्या तयार मजकुरावरून उतरवलेल्या. त्या मजकुरात नदीच्या नावासाठी टिंबे असतात. तिथे कुणी पैनगंगा लिहितो, कुणी पूर्णा. एकाने घाईत टिंबेच उतरवली आहेत.

या ढिगात एका मुलाचे एक वाक्य मला सापडले. त्याने तारीख घातली आहे, मार्च महिन्यातली, आणि खाली लिहिले आहे : ‘नाल्यात पाणी नव्हते म्हणून निरीक्षण करता आले नाही.’ त्यावर लाल शाईने शेरा आहे, ‘अपूर्ण’. दोन पेट्यांमधल्या वह्यांत प्रत्यक्ष नाल्यावर जाऊन आल्याचा निःसंशय पुरावा देणारी ही एकच नोंद असावी. शेरा देणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या टेबलावर गठ्ठा असणार, आणि नमुन्यात भरायची जागा रिकामी दिसली असणार. पण मुलाला मार्चमध्ये नाल्यावर पाठवणारी, आणि कोरडा नाला दिसला तर निरीक्षणच झाले नाही असे त्याच्याकडून लिहून घेणारी जी काही व्यवस्था आहे, तिचा कागदोपत्री माग काढावा असे मला तेव्हापासून वाटत आले. हा लेख त्या शोधाचा एक भाग आहे.

माग सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. पुस्तक चांगले आहे. उदाहरणे भारतीय आहेत, लिहिणारा माणूस रानात हिंडलेला आहे हे पानापानांवर कळते. दोष पुस्तकात शोधू नये. तो वेळेच्या गणितात आहे. एकूण तासिका पन्नास. त्यांतल्या क्षेत्रकार्याला, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन करायच्या कामाला, पाच. या पाच तासांत करायच्या गोष्टी चार : स्थानिक नदी, जंगल, गवताळ रान किंवा डोंगर यांची नोंद, एखाद्या प्रदूषित ठिकाणाला भेट, नेहमीच्या वनस्पती, कीटक, पक्षी यांचा अभ्यास, आणि तळे, नदी, डोंगरउतार अशा साध्या परिसंस्थांचा अभ्यास. मात्र परीक्षेच्या शंभर गुणांपैकी पंचवीस गुण याच कामाच्या प्रकल्पाला. वेळ एक दशांश, गुण एक चतुर्थांश. ज्या कामाला वेळ नाही आणि गुण मात्र आहेत, ते काम बाजारात विकत मिळू लागते. टिंबे असलेला मजकूर तिथून येतो.

पण गणितापेक्षाही मला त्या यादीतला ‘भेट’ हा शब्द जास्त खटकतो. भेट माणूस पाहुण्याला देतो, किंवा देवळाला. नाल्याला एकदा भेट देऊन काही कळत नाही. ऑगस्टमध्ये गेलो तर गढूळ पाणी दिसते, मार्चमध्ये गेलो तर रेती. जे शिकायचे आहे ते या दोन महिन्यांच्या मध्ये घडून गेलेले असते. वाहत्या पाण्याच्या परिसंस्थेचा अभ्यास हा बदलाचा अभ्यास आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय तो होत नाही, आणि आपल्या एकाही अभ्यासक्रमाने पुन्हा जाण्याला जागा ठेवलेली नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

शाळेच्या पुस्तकांकडे वळले तर पाण्याची कमतरता तिथे अजिबात नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक बालभारती जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढते, ही मोठी सोय आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पैनगंगा, पूर्णा, खडकपूर्णा, नळगंगा, ज्ञानगंगा ही नावे मुलांना पाठ असतात. नववी-दहावीला आता ‘जलसुरक्षा’ हा स्वतंत्र विषय आहे. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. उपक्रम आहेत, श्रेणी आहे, प्रकल्प आहे. तरी त्या शीर्षकातच एक भूमिका बसलेली आहे. सुरक्षा कुणाची? पाण्यावर अवलंबून असलेल्या माणसाची. टंचाईच्या प्रदेशात हे अगदी स्वाभाविक आहे. विहीर आटलेल्या घरात वाढलेला मी त्याला नाके मुरडणार नाही. पण त्यामुळे पाणी म्हणजे साठा, पाणी म्हणजे लिटर आणि दलघमी, ही एकच प्रतिमा मुलाच्या मनात पक्की होते. पाणी ही कुणाची राहण्याची जागाही आहे, हे मागे पडते.

दुसरीकडे मराठीच्या पुस्तकातून मुलाला ओढा भेटतो तो बालकवींच्या बोटाला धरून. ‘औदुंबर’ कितीतरी पिढ्यांनी पाठ केली. त्या झाडाच्या प्रतीकार्थावर मराठी समीक्षेने जेवढी शाई खर्च केली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या लहान कवितेवर क्वचितच केली असेल : ते झाड म्हणजे विरक्ती, ते म्हणजे मृत्यूची छाया, ते म्हणजे कवी स्वतः. ओढ्याकाठचे उंबराचे झाड ओढ्यासाठी काय करते, हा प्रश्न मात्र कुणाला पडलेला दिसत नाही. ते सावली देते, म्हणून पाणी तापत नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याची पाने पाण्यात पडून कुजतात आणि ती कुजणारी पाने बारीक जिवांचे अन्न होतात; फळे मासे खातात. मुळे काठ धरून ठेवतात. नदीविज्ञानात नोएल हाइन्स यांचे ‘द इकॉलॉजी ऑफ रनिंग वॉटर्स’ (१९७०) हे पुस्तक पायाभूत मानले जाते. ओढ्याला त्याच्या खोऱ्यापासून वेगळे काढून समजूनच घेता येत नाही, हे हाइन्स पुढे आग्रहाने मांडत राहिले. त्या दृष्टीने वाचली तर बालकवींची कविता निरीक्षणाला पक्की आहे. खानदेशातल्या मुलाने ओढा पाहून लिहिलेली ती कविता आहे. आपण ती प्रतीकांसाठी वाचली आणि ओढा हरवून बसलो.

इथे एक भाषेची अडचण आहे, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आमच्याकडे, डोणगाव परिसरात, ओढा हा शब्द बोलण्यात नाही. आमचा तो नाला. ‘ओढा’ मुलांना कवितेत भेटतो, ‘नाला’ ग्रामपंचायतीच्या फलकावर : नाला खोलीकरण, नाला सरळीकरण, नाला बांध. शहरात गेल्यावर तर नाला म्हणजे गटार. कवितेतला झुळझुळणारा ओढा आणि घरामागचा नाला ही एकच वस्तू आहे, असे सातवीतल्या मुलांना मी सांगितले तेव्हा ती हसली होती.

तो नाला कसा आहे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. डोणगावच्या शिवारातले पाणी पैनगंगेच्या खोऱ्यात जाते. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागरात. जमीन काळी, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाऊस चार महिन्यांचा. जूनच्या पहिल्या लोंढ्यात नाला चहासारखा वाहतो, ऑगस्टअखेर निवळू लागतो, आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत काठाच्या मुरमात मुरलेले पाणी हळूहळू सोडत राहतो. नाल्याचा खरा शिकण्याचा हंगाम हा. योगायोगाने शाळाही नेमक्या याच महिन्यांत भरलेल्या असतात. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेही इथे सोयीचेच ठरते. प्रकल्प मात्र वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मागितले जातात.

वाहत्या नाल्यात दोन प्रकारच्या जागा एकाआड एक येतात. एक खळाळ : उथळ, गोट्यांवरून फेसाळत जाणारे पाणी. दुसरी डोह. खळाळात हवा मिसळते, गोटे स्वच्छ राहतात. डोहात गाळ बसतो, पाने साचतात. गोटा उलटा केला की त्याच्या पोटाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले दिसतात. त्यांच्या पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले हलत असतात. ही मे फ्लायची पिल्ले. मोठे झाल्यावर पंख फुटून ती एखाद-दोन दिवस जगतात. त्यांच्या शेजारी रेतीचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या बारीक नळ्या असतात, आत कॅडिस फ्लायची अळी. तिच्या जातीतल्या काही अळ्या गोट्यांच्या फटीत जाळे विणतात आणि वाहत येणारा कण न् कण त्यात धरतात. या दोघांनाही मराठीत रूढ नावे नाहीत. मासा, खेकडा, झिंगा, शिंपला, जे खाल्ले जाते त्या सगळ्यांना नावे आहेत. मरळ, वाम, मुऱ्या ही नावे भोई समाजाच्या माणसांकडून मुलांनी एका सकाळीत गोळा केली. जे खाल्ले जात नाही ते बिननावाचे. मुलांनी नळीतल्या अळीचे ‘रेतीवाली’ असे नाव ठेवले आहे आणि मला ते कॅडिसपेक्षा बरे वाटते.

या जिवांवरून पाण्याची तब्येत ओळखण्याची पद्धत जुनी आहे. कोलक्विट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्येच कोणता जीव कितपत घाण सोसतो याच्या याद्या केल्या. जपानमध्ये १९८४ पासून शाळकरी मुले आणि नागरिक नद्यांतले असे जीव पाहून पाण्याच्या नोंदी सरकारकडे देतात. आपल्याकडे के. ए. सुब्रमणियन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी जलकीटकांवरून परीक्षण कसे करावे याची पुस्तिका २००७ मध्ये इंग्रजीत काढली. मराठीत शिक्षकाच्या हाती देण्यासारखे याविषयी काही आलेले मला आढळले नाही. आणि परकी यादी जशीच्या तशी आणण्यात धोकाही आहे. युरोपच्या याद्यांत स्टोन फ्लाय हा कीटक सर्वांत शुद्ध पाण्याची खूण मानतात. त्याला थंड, बारमाही पाणी लागते. आमच्या हंगामी, तापणाऱ्या नाल्यात मला तो कधी दिसलेला नाही. त्या यादीने गुण द्यायचे ठरवले तर दख्खनच्या पठारावरचा अगदी निरोगी नालाही नापास होईल. यादी इथल्या नाल्यावर बसूनच करावी लागेल, आणि ती करायला माणसे शाळांतच आहेत.

हे नवे सांगतो आहे असा माझा दावा नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने ‘हॅबिटॅट अँड लर्निंग’ हा निबंध तयार केला. पर्यावरण शिक्षणावरचा मी वाचलेला तो सर्वांत धीट सरकारी दस्तऐवज आहे. मुलांनी आपल्या गावातले पाणी, झाडे, जमीन यांची खरी माहिती गोळा करावी, ती सार्वजनिक करावी, म्हणजे शिक्षणातून नवे ज्ञान तयार होईल, असे त्याचे सूत्र. अध्यक्षांनी आयुष्यभर हेच सांगितले, की परिसराची जाण असलेली माणसे गावात असतात. तरीही निबंध पुन्हा वाचताना एक शंका सुटत नाही. त्यात मूल हे माहिती गोळा करणारे असे दिसते. माहिती जमली आणि ती संगणकावर चढली की काम झाले असे वाटावे, इतका त्या साधनावर भरवसा आहे. आमच्या मुलांनी नाल्याच्या काठी केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे भांडण होते, आणि ते कुठल्याच तक्त्यात भरता आले नसते. त्याकडे येतोच.

त्याआधीचे दोन प्रयोग मला जास्त जवळचे वाटतात. होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. खेड्यातली मुले प्रयोग करून, शेतात-ओढ्यावर फिरून विज्ञान शिकत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. दुसरा आपल्या मराठीतला, कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न होता की गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तिचा उल्लेख ‘गळती रोखण्याचा उपाय’ असा येतो, आणि मला तो अपुरा वाटतो. कुरणशाळेत मूल रोज त्याच जागी असते. गवत वाढताना, वाळताना, पाणी चढताना, उतरताना तिथेच असते. आपल्या अभ्यासक्रमांना जे पाच तासांत जमवायचे होते त्याची पहिली अट या दोन बायकांनी नाइलाजाने का होईना, पूर्ण केली होती.

‘बाहेर नेणे’ म्हणजे सहल, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि आमच्या भागात सहल म्हणजे लोणार. हिवाळ्यात तिथे बसच्या रांगा लागतात. मुलांना उल्का सांगतात, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर सांगतात, लवणासुराची गोष्ट सांगतात, आणि जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले होते हेही आता सांगतात. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखवले. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेले. सगळे खरे आणि सांगण्यासारखे. पण काठावर गोमुखातून जी धार बारमाही पडते, तिथे मुले हातपाय धुतात आणि पुढे जातात. गोडे पाणी कड्याच्या पाषाणातून बाहेर येते, उतारावरून खाली जाते आणि खारट, अल्कधर्मी तळ्याला मिळते. तळ्यातून बाहेर जायला वाट नाही. इतक्या थोड्या अंतरात पाण्याचा स्वभाव इतका बदललेला दाखवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी मला माहीत नाही. दहा-वीस रुपयांची पीएच पट्टी आणि पाच-सहा थांबे एवढ्यावर हा धडा होतो. (अभयारण्य आहे, तिथे जीव धरू नयेत, पाहावेत.) एकदा एका सहलीबरोबर मी हे करून पाहिले. मुले रमली, पण बसचालकाने हॉर्न वाजवला, कारण पुढे शेगाव होते.

शिक्षकांची बाजू मांडल्याशिवाय हे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली मुले बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पाण्याजवळ मुले नेणे म्हणजे नोकरीशी खेळ, असे एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला सरळ सांगितले. त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. घोट्याइतक्या पाण्यात काम करावे, वरच्या अंगाला आभाळ भरले असेल तर जाऊच नये, चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे, हे सगळे मी पाळतो. पण मी शाळेचा माणूस नाही. माझ्याबरोबर येतात ती गल्लीतली मुले, रविवारी, आईबापांना विचारून. शाळेच्या चाळीस मुलांसाठी चार मुलांमागे एक माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी द्यायचे होते. त्यांनी पंचवीस गुण दिले.

आता ते भांडण.

आमच्या नाल्याचा वरचा भाग काही वर्षांपूर्वी एका योजनेतून खोल आणि रुंद केला गेला. तो काळच तसा होता. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि गावोगाव यंत्रे उतरली. आमच्या जिल्ह्यात नाले, तलाव खोदून तीच माती महामार्गाच्या भरावाला वापरण्याची पद्धत ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी खोलीकरण अशास्त्रीय होत असल्याचे सांगत उच्च न्यायालयात धाव घेतली. पुढे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती नेमली गेली. २०२० मध्ये ‘कॅग’ने साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजलावर फारसा परिणाम झाला नसल्याचा ठपका ठेवला. हे सगळे वाद पाणी किती साठले, किती मुरले याभोवती झाले. नाल्यात राहणाऱ्यांचे काय झाले हा मुद्दा कुठल्याच बाजूने आला नाही. वर्गात जे शिकवले गेले नव्हते, ते चर्चेत तरी कुठून येणार?

मला त्याचे उत्तर माहीत आहे असे मी धरून चाललो होतो. सप्टेंबरच्या एका रविवारी मुलांना घेऊन गेलो, चहाच्या गाळण्या, पांढरी ताटे आणि एक भिंग घेऊन. खोदलेल्या भागात जीव कमी, खालच्या जुन्या खळाळात जास्त, असे निघणार आणि मुलांना यंत्राची करणी दिसणार. ताटे भरली, मोजणी झाली, आणि निघाले उलटे. खोदलेल्या भागातल्या ताटात वळवळ जास्त.

‘काका, तुमचं तं चुकलं! खड्ड्यातच जास्त हायत,’ एक जण ओरडला.

मी वरमलो. काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, तोवर त्यांच्यातच जुंपली. एक म्हणे, मोजायचे कसे, सगळे सारखेच तर आहेत. दुसरा म्हणे, सारखे कुठे, हे चतुराचे पिल्लू आहे, ते डासाचे. मग त्यांनी आपणहून जाती वेगळ्या केल्या. खड्ड्यातल्या ताटात गर्दी होती, पण गोगलगायी, डासांच्या अळ्या, चतुराची पिल्ले अशा मोजक्या मंडळींची. खळाळातल्या ताटात गर्दी कमी आणि प्रकार जास्त. ‘रेतीवाली’ आणि तीन शेपट्यांचे तर वर एकही नव्हते. का नव्हते यावर पुन्हा वाद. पाणी घाण असेल, कुणी म्हणाले. तेव्हा सहावीतली एक मुलगी, जी तोवर बोललीच नव्हती, म्हणाली, ‘खड्ड्यात गोटेच नाहीत. मंग गोट्याले चिकटणारे राहतीन कुठं?’

जागेत विविधता असेल तर जिवांत विविधता राहते, हे परिसंस्थाशास्त्रातले मोठे विधान मी पुस्तकातून वाचून शिकलो, चाळिशी उलटल्यावर. तिला ते रिकाम्या ताटाकडे पाहून सुचले. माझे अनुमान चुकले नसते तर ते तिला सुचायची वेळही आली नसती. क्षेत्रकार्यात शिक्षकाचे चुकणे उपयोगी पडते, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. तयार मजकुराच्या वहीत अशा चुकीला जागा नसते.

गोष्ट इथे संपली असती तर माझ्या सोयीची झाली असती. जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. खळाळ कोरडा पडला होता, खोदलेल्या भागात गुडघाभर पाणी होते. तिथे मुऱ्या होते, काठावर बगळे होते, आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीला अजून पाणी होते. त्याने मुलांना हरभऱ्याचे डहाळे दिले आणि विचारले, खड्डा वाईट आहे असे तुमचे काका म्हणतात का? मुलांनी माझ्याकडे पाहिले. खड्ड्याने काही जिवांचे घर मोडले आणि काहींना उन्हाळ्यापर्यंत आसरा दिला, हे दोन्ही मला मान्य करावे लागले. दोन खड्ड्यांच्या मध्ये गोट्यांचा पट्टा तसाच ठेवता आला असता, काठाची करंज आणि बाभळी वाचवता आल्या असत्या. खोदणाऱ्याला ते कुणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हते. शेतकरी म्हणाला, मागच्या वेळी सांगितलं असतं तं मीच थांबवलं असतं मशीन, बाभळी माह्याच होत्या.

नाल्याच्या या भागाची लेखी नोंद आज फक्त या मुलांच्या वहीत आहे. वही साधी, दोनशे पानी, चार-पाच हातांनी लिहिलेली. शुद्धलेखन मी तपासत नाही. गेल्या मार्चमध्ये मी बाहेरगावी होतो, तेव्हा मुले माझ्याशिवाय जाऊन आली. परतल्यावर वही उघडली तर त्याच मुलीच्या अक्षरात नोंद होती :

‘पाणी नाही. रेतीत हातभर झिरा खोदला, खाली ओल लागली. एक खेकडा बिळात होता, त्याला काढले नाही. खळाळातला मोठा गोटा उलटा केला. खाली रेतीच्या तीन नळ्या चिकटलेल्या. तिन्ही रिकाम्या. आतली उडून गेली का मेली ते कळाले नाही. जून मध्ये याच गोट्याला पाहू. गोट्याला चुन्याची खूण केली आहे.’